पहिला शब्द शेजारच्याला

सावळखेड, रविवार, १ नोव्हेंबर १९६४

सत्यभामा म्हणाली, "दिवसभर माह्याशी जे बोलत राह्यता ते वहीत लिहा. मले भाकरी थापू द्या." म्हणून ही वही. शाळेतल्या जुन्या हजेरीची आहे, मागची पानं कोरी निघाली.

आज चर्चमध्ये भक्तीनंतर ख्रिस्ती सभेच्या ऑफिसचं पत्र वाचून दाखवलं. जूनमध्ये आमचे पाळक निवृत्त होऊन गेले. तेव्हापासून उपदेश मीच करतो, प्रार्थना मीच चालवतो, घंटेची दोरीही मीच ओढतो. पत्रात होतं: नारायणराव पाळक नाताळाला तुमच्याकडे येऊन प्रभुभोजन देतील. परंतु तुमच्या गावी दोन मंडळ्या असून दोहोंची मिळून घरे एकवीस. पाळकांस एका गावी एकच भक्ती घेणे शक्य आहे. तरी उभयतांनी एकत्र बसावे. न जमल्यास तसे कळवावे.

"न जमल्यास तसे कळवावे." हे वाक्य लिहिणारा माणूस आमचं गाव ओळखतो.

पुढेमागे ही वही कोणी वाचली तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. मिशनच्या साहेबाने आम्हा सगळ्यांना तान्हेपणी कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला होता. १९५५ च्या फेब्रुवारीत आमच्यातल्या बारा जणांना वाटलं की तान्ह्या पोराला काय कळतं, तो बाप्तिस्मा खरा नव्हे. ते नदीच्या डोहात उतरले आणि बुडी मारून नव्याने बाप्तिस्मा घेऊन आले. आम्ही त्यांना नदीवाले म्हणतो. ते आम्हाला शिंपडे म्हणतात. आम्ही साहेबाच्या दगडी चर्चमध्ये बसतो, ते तुळशीरामच्या पत्र्याच्या छपरात. तेव्हा मी मंडळीचा चिटणीस होतो. रजिस्टरातल्या त्या बारा नावांवर लाल शाईने काट मी मारली.

अकरावं नाव तुळशीरामचं, बारावं त्याच्या बायकोचं, अन्नपूर्णा. ती माझी सख्खी धाकटी बहीण. तत्त्वाचा प्रश्न होता.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

आईबापांनी माझं नाव शांतवन ठेवलं, आणि दोन दिवस मी घरातून अंगणात, अंगणातून घरात करतो आहे. पत्राला उत्तर लिहायचं आहे. "जमत नाही" एवढं लिहिलं की झालं. सकाळपासून तीन कार्डं फाडली.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

चौथीला आज "आम्ही" आणि "आपण" शिकवत होतो. हा धडा मी दरवर्षी जातीने घेतो, कारण इथली मुलं दोन्हीची खिचडी करतात. "आपण" म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आले. "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर. सोपं आहे, पण एकालाही नीट सांगता येत नाही.

तेवढ्यात दारात गोजरबाई उभी. शिकवताना कोणी आलं की मी पंजा उचलून थांबवतो, तशी माझी सवयच आहे; बोलणं तोडत नाही. म्हातारी निंबाखाली जाऊन बसली. शाळा सुटल्यावर बघतो तर तिथेच.

गोजरबाई सत्तरीची असेल. तिला अक्षरओळख नाही. रविवारी सकाळी आमच्या भक्तीला बसते, संध्याकाळी नदीवाल्यांच्या, आणि दोन्हीकडचा केर काढते. तिला कोणी काही म्हणत नाही.

"मास्तर, पाळक येऊन राह्यले म्हनतात. माही प्रभूची प्रार्थना एकडाव ऐकून घ्या. त्यायच्यासमोर फजिती नको."

मी म्हटलं, म्हणा. तिने डोळे मिटले, हात जोडले आणि सुरुवात केली, "आपल्या..."

प्रार्थना सुरू होते ती "आमच्या बापा" अशी. तिथेच थांबवलं. "आपल्या नाही, आमच्या. प्रार्थना कोणाशी बोलता? देवाशी. मग आपल्या बापा म्हटलं तर देवालाही बाप आहे असं झालं. देवाला बाप आहे का?"

"नाई बापा," ती म्हणाली. इकडे उठता बसता सगळ्यांना बापाच म्हणतात, मलाही.

पुन्हा म्हणायला लावली. पुन्हा "आपल्या". चार वेळा. शेवटी मीच कंटाळलो.

रविवार, ८ नोव्हेंबर

धाड गावच्या बाजारात परवा अन्नपूर्णा दिसली. मी कांद्याच्या ढिगापलीकडे होतो. मुद्दाम नव्हे, कांदे घ्यायचेच होते. तिची बोटं बोंडांनी ओरबाडली आहेत, म्हणजे कापूस वेचायला जाते. उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी. चष्मा लावलेला नाही, मिरच्या डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. डोक्याला पुढच्या बाजूने पांढरं आलं आहे, आईचं आलं होतं तसंच.

हे सगळं इथे लिहायचं कारण नव्हतं. कांदे महाग आहेत.

शनिवार, १४ नोव्हेंबर

शेवटी कार्ड टाकलं: बोलणी चालू आहेत. मग बोलणी करणं आलं. महादेवरावांच्या ओट्यावर बसलो. महादेवराव गावचे पोलीस पाटील, पांडुरंगाचे माळकरी, त्यांनी दोन्हीकडच्यांना बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "तुमच्यात नेमकं भांडन काय हाये, ते मले एकडाव समजून सांगा." तुळशीरामने सांगितलं. मी दुरुस्त करून सांगितलं. त्याने ते दुरुस्त केलं. महादेवराव म्हणाले, "म्हंजे पानी किती पाह्यजे यावरून." आणि घरात निघून गेले.

तुळशीराम जाडजूड, मोठ्याने हसणारा, ढोलकी वाजवणारा माणूस. दहा वर्षांत आम्ही एकमेकांशी "एसटी गेली का?" याच्यापुढे बोललेलो नाही. आज पाच कलमं ठरली. जागा आमचं चर्च. गाणी त्यांची, ढोलकीसह. प्रभुभोजनाचा प्याला आमचा, साहेबाने दिलेला चांदीचा, भाकर त्यांच्याकडून. प्रभूची प्रार्थना मी सांगायची. बायकांनी वाटेल तिथे बसावं.

कागद मी सुवाच्य लिहिला. प्रत्येक कलमात "आमची मंडळी" आणि "तुमची मंडळी" असा स्पष्ट भेद ठेवला, म्हणजे पुढे घोळ नको.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

आज सत्यभामेने अंबाडीची भाजी केली होती, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. थेट आईच्या हातची. मीठसुद्धा तसंच जरा चढं. मी म्हटलं, तुला ही चव सापडली कशी? ती म्हणाली, "सापडली." कोपऱ्यात एक पितळी डबा दिसतो, झाकणाला पोचा आलेला. आमच्या घरातला नव्हे. कोणाचा म्हणून विचारलं तर शेजारचा म्हणाली.

पंचवीस वर्षांच्या संसारात बाईमाणूस किती शिकतं. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती पदर तोंडाला लावून परसात गेली. कौतुक ऐकायची तिला सवय नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर

भक्ती संपल्यावर गोजरबाईला थांबवून घेतली. म्हटलं, पाळकांसमोर चूक व्हायला नको, बसा. पुन्हा "आपल्या". माझा आवाज चढला. म्हटलं, गोजरबाई, इतक्या वर्षांत एक शब्द बदलत नाही?

ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुमी म्हनता ते बराबर हाये. पर पयला शबद मी देवाशी बोलतच नाई."

"मग कोणाशी बोलता?"

"बाजूले जे बसलं राह्यते त्याच्याशी. त्याले सांगतो, आपल्या. तुह्या बी, माह्या बी. मंग वर पाह्यतो अन म्हनतो, बापा. दुसरा शबद त्याचा. पयला शेजारच्याचा."

"आणि शेजारी कोणी नसलं तर?"

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तवा तुमचं आमच्या म्हनाव लागन. पर एकटी मी कवा म्हनतच नाई."

मी तिला जा म्हटलं. व्याकरण असं चालत नसतं.

सोमवार, २३ नोव्हेंबर

व्याकरण असं चालत नसतं. काल लिहिलेलंच आज पुन्हा लिहिलं.

रविवार, ६ डिसेंबर

कागद फाटला.

सहावं कलम मी घातलं होतं: नदीवाल्यांनी भक्तीआधी झाल्या गोष्टीबद्दल खेदाचे दोन शब्द बोलावेत. मला ते अगदी रास्त वाटलं, अजूनही वाटतं. तुळशीरामने वाचलं आणि त्याचं हसणं कुठल्या कुठे गेलं.

"पाच कलमं तुले देल्ले, मास्तर. एकाले बी नाई म्हनलं नाई. हे सहावं मी नाई ठरवनार. हे पूर्णा ठरवीन. तूच जाऊन तिले विचार, माफी मांगतं का म्हून."

"कागद मंडळीचा आहे. बहिणीचा इथे संबंध नाही."

"मंग तूच काऊन लाल झाला?"

कागद त्याच्या हातात होता की माझ्या, ते आता नीट आठवत नाही. दोन तुकडे झाले एवढं खरं. मी घरी येऊन शाळेच्या वह्या तपासल्या, बत्तीसच्या बत्तीस, आणि निम्म्या मुलांना नापास केलं. सत्यभामा भाकरी थापत राहिली. तिने काहीतरी विचारायला हवं होतं.

रविवार, १३ डिसेंबर

खरं लिहायचं म्हणून वही धरली, तर लिहितो.

आज मी अन्नपूर्णाच्या घराकडे निघालो. देवळापर्यंत गेलो, परत फिरलो. पुन्हा निघालो, आडापर्यंत गेलो. आडावर तिच्या शेजारणी पाणी शेंदत होत्या, त्यांनी "या मास्तर" म्हटलं तर मी, विद्यार्थ्याचा पत्ता शोधतोय, असं खोटं सांगितलं. घरी येऊन बसलो तरी पाय चालतच होते. जेवताना सत्यभामा म्हणाली, पाय हलवू नका, ताट नाचून राह्यलं.

तत्त्व वगैरे खरंच होतं का? मी रजिस्टर काढून बघितलं. बारा नावं. अकरांवर काट एकेरी आहे. बाराव्यावर तीनदा मारलेली, कागद फाटेस्तोवर. आई गेली तेव्हा पूर्णा दहा वर्षांची होती. मी तिची वेणी घालत असे, वाकडीतिकडी. लग्नात मी तिला उभं केलं. आणि एवढी मोठी गोष्ट करताना ती डोहात उतरली ती मला न विचारता. मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, भर शाळेत.

हेच होतं. बायबलातली सगळी वचनं मी नंतर शोधून काढली.

बुधवार, १६ डिसेंबर

शाळा सुटल्यावर कपाशीच्या वावराकडे गेलो. वेचणी उरकली आहे, कपाशीची वाळकी झाडं, पळाट्या, तेवढ्या उभ्या आहेत, माणूस कोणी नव्हतं. म्हटलं प्रार्थना करू. मी प्रार्थना चांगली करतो, लोक तसं म्हणतात. शब्द शुद्ध, वाक्य पूर्ण. उभा राहिलो आणि "आमच्या" म्हणून अडलो. आमच्या म्हणजे कोणाच्या? आजूबाजूला पळाट्या. त्या शब्दात कोण आहे आणि कोण बाहेर आहे, हे मोजता मोजता पुढचं काही सुचेना.

इतक्या वर्षांत मी देवाला अर्जच लिहीत आलो असं वाटलं. वर मायना, खाली सही. त्याच्याशी बोललो कधी?

मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी मुलांना वर्गात बोलू देत नाही. "काय करू बापा," मी म्हटलं, "मले काईच सुचून नाई राह्यलं. मले माही बहीण पाह्यजे." मोठ्याने म्हटलं. आणि बांधावर बसून रडलो. पन्नाशीला आलेला हेडमास्तर पळाट्यांत बसून रडतो आहे, कोणी पाहिलं असतं तर शोभा झाली असती.

उत्तर काही आलं नाही. पण कोणीतरी ऐकून घेतल्यावर माणूस जसा थोडा वेळ गप्प होतो तसा मी झालो. पाय हलत नव्हते.

घरी येऊन कागद नव्याने लिहिला. सहावं कलम सवयीने लिहून गेलो होतो, त्यावर लाल शाईने काट मारली. दौत तीच. कागद गोजरबाईच्या हाती तुळशीरामकडे पाठवला. संध्याकाळी ती एवढंच सांगून गेली, "हो म्हनले."

गुरुवार, २४ डिसेंबर

दुपारी निरोप आला, नारायणराव पाळक तापाने अंथरुणावर आहेत. पाळकाशिवाय प्रभुभोजन नाही. म्हणजे प्याला नाही, भाकर नाही, आणि महिनाभर ज्यावर डोकं फोडलं ती निम्मी कलमं गेली. आमचे दोघेतिघे लगेच म्हणाले, मग कशाला एकत्र बसायचं, आपापलं बरं आहे. मलाही क्षणभर सुटल्यासारखं झालं. "जमत नाही" असं कळवायला आता सबळ कारण होतं.

मी चर्चच्या पायरीवर बसलो होतो. तुळशीराम ढोलकी गळ्यात अडकवून आला. कागद फाटल्यापासून पहिल्यांदाच समोर.

"काऊन बसला असा?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "पाळक नाई येऊन राह्यले तर देव बी येनार नाई का बे?"

हेडमास्तरला बे म्हणतो. मी उठलो आणि त्याला जाजम धरायला लावलं. दोघांनी मिळून अंथरलं. त्याच्या बाजूने वाकडं होतं, ते तसंच राहू दिलं.

शुक्रवार, २५ डिसेंबर १९६४

लोक आले. एकवीस घरं म्हणजे काय ते आज डोळ्यांनी पाहिलं. आमचे लोक सवयीने पुढे, नदीवाले दाराशी, मधे दोन हात जाजम रिकामं. त्या रिकाम्या जागेत गोजरबाई जाऊन बसली आणि मागे वळून हाक मारली, "पूर्णे, इकडं ये वं, मले दिसत नाई." दिसण्यासारखं काही नव्हतं तिथे. पण अन्नपूर्णा उठून आली आणि तिच्याजवळ बसली. माझ्यापासून सहा हातांवर. अंगठ्याची चिंधी निघाली आहे.

तुळशीरामने वाजवलं, सगळे गायले. आमचे लोक आधी ओठ हलवत होते, नंतर चक्क टाळ्या पिटायला लागले. मी उपदेश लिहून आणला होता, अकरा पानं. दोन वाचली आणि मिटवून ठेवली.

मग प्रार्थना. मी सांगायची आणि सगळ्यांनी मागून म्हणायची. डोळे मिटायचे असतात. मी मिटले नाहीत. पूर्णा माझ्याकडेच बघत होती. मी तोंड उघडलं आणि निघालं, "आपल्या..."

पहिल्या रांगेत माझीच चौथीची पोरं. ती फिदीफिदी हसली. त्यांना त्या एका शब्दासाठी मी किती छड्या दिल्या आहेत. मी तिथेच अडलो. पुढचा शब्द माहीत होता, पण निघेना. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी तिच्याकडे.

गोजरबाईने तिचा हात धरला होता. दोघींनी एकदम वर पाहून म्हटलं, "बापा."

मग सगळे म्हणायला लागले. मी मागून म्हटली. सांगणारा मी होतो खरा.

रविवार, २७ डिसेंबर

तुळशीरामने जेवायला बोलावलं. मी, सत्यभामा. त्याचं घर मी आतून कधी पाहिलेलं नव्हतं. सत्यभामेला मात्र पाण्याचा माठ कुठे, पाट कुठे, सगळं माहीत होतं. मी काही विचारायच्या आत तिने पाट मांडले.

ताट समोर आलं. भाकर, अंबाडीची भाजी, कण्या घातलेली, वरून लसणाची फोडणी. पहिला घास घेतला आणि हात थांबला. मीठ जरा चढं. समोरच्या फळीवर पितळी डबा, झाकणाला पोचा आलेला. मी सत्यभामेकडे पाहिलं. ती आढ्याकडे बघत होती.

किती वर्षं, ते विचारायचं धाडस झालं नाही. दुसरंच विचारलं. एवढी दहा वर्षं मनात राहिलेलं.

"पूर्णा, तू मला एकदा विचारलं का नाहीस?"

ती तव्यावर भाकर उलटत होती. उलटून झाल्यावर म्हणाली, "विचारायले आल्ती ना, दादा. डोहात उतरायच्या आदल्या दिवशी. शाळेच्या दारात. तू पोट्ट्यायले आम्ही अन आपण शिकवून राह्यला होता. मले पाह्यलं अन हात केला." तिने पिठाचा पंजा उचलून दाखवला. हुबेहूब माझा. "थांब म्हून."

मला आठवत नाही. दिवसातून दहा वेळा मी तो हात करतो.

"मग?"

"मंग शाळा सुटली. तू मांगच्या दारानं निंगून गेला."

"आणि तू?"

"मी काय, दादा," ती म्हणाली, "थांबलीच आहो." मग तिने गरम भाकर माझ्या ताटात टाकली. "जेव आता. थंड होऊन राह्यली."